मनकर्णाबाईचा भोंगाभाऊ

कार्तिकात धानाची कापणी चालू होती, तेव्हाची गोष्ट. दिवस कलला की मनकर्णाबाई घराला कडी लावायची, बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जायची आणि भोंग्याच्या खांबाखाली बसून वाघाची वाट पाहायची. ज्या वाघाने नवरा नेला, त्याच वाघाची.

गावाने तिला समजावलं, दटावलं. दोघी-तिघींनी दंडाला धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच. शेवटी तिची मुलगी साधना, कोरपन्याला दिलेली, तिने मला फोन केला.

"काका, तुमीच सांगा आईले. तुमच्या मशीनपायी मरून राह्यली ते."

घ्या, माझी मशीन. मी गफ्फार, गोंडपिपरीत मोटरपंप दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो भोंगा मी बनवला नाही आणि बसवलाही नाही. नागपूरची एक कंपनी बसवून गेली आणि जाताना काच पुसायचं नि बॅटरी बघायचं काम माझ्या गळ्यात घालून गेली. पण गावाच्या लेखी जो हात लावतो त्याचीच मशीन. आमच्याकडे बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेलं तळं, आणि ह्या बोडीच्या पलीकडे लगेच जंगल लागतं. पाळीच्या टोकाला लोखंडी खांब, त्यावर पांढरी पेटी, पेटीला एकच गोल काच, वर सोलरची पाटी आणि बाजूला भोंगा. काचेतून कॅमेरा बघत असतो. माणूस गेला, बैल गेला, डुक्कर गेलं, तो गप्प. वाघ दिसला की असा बोंबलतो की मेलेला माणूस उठून बसावा.

यंत्राला जीव असतो ही गोष्ट मला मुळीच चालत नाही. माझ्या धंद्यात ते परवडत नाही. मोटर खोलताना हिला दुखेल का असा विचार करत बसलो तर संध्याकाळी चूल पेटायची नाही. लोक येतात, म्हणतात, गफ्फारभाऊ, पंप रुसला. मी म्हणतो, पंप रुसत नाही, तुम्ही त्याला चिखल पाजता. पण मनकर्णाबाईपुढे माझं काही चालायचं नाही.

ती ढिवराची बाई. नवरा नथ्थू बोडीत जाळं टाकायचा आणि ही मासे घेऊन आठवडी बाजाराला बसायची. माझी तिची ओळख त्या बाजारातलीच. हिचं अख्ख्या जगाशी नातं. दिवस मावळल्यावर कुणाला पान तोडू द्यायची नाही, झाडं झोपलीत म्हणायची. मोहफुलं वेचायच्या आधी बुंध्याला हात लावून मोहाला सांगायची. जाळ्यात आलेला पहिला मासा परत पाण्यात सोडायची, "जा, घरी सांग," असं म्हणून.

नथ्थू हसायचा. "हे एक दिवस मासोऱ्यायले आपला पत्ता देऊन येईन."

मी एकदा तिला चिडवलं, "बाई, माशाला एवढं कळतं तर खाता कशाला?"

"पोटाले लागते म्हणून खाते, भाऊ. पन त्याले काई ठाऊक नाई, असं समजून काऊन खावाव?"

वर एकदा दुकानात तिने मला रंगेहाथ पकडलं. अडलेल्या मोटरीला थापटून मी म्हणत होतो, "चल बेटा, उठ." ही दारात उभी. "कोनाले बोलून राह्यले भाऊ?" मी म्हटलं, सवय आहे. "मले बी सवयच हाये," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत गेली.

भोंगा बसला तेव्हा गावाने त्याला भोंग्या म्हटलं आणि सोडून दिलं. पण एकदा दुपारी बाया पाळीखाली धुणं धूत होत्या आणि जनावर, म्हणजे वाघ, पलीकडच्या बेशरमाच्या झुडपातून निघालं. भोंगा बोंबलला. बाया बादल्या टाकून पळाल्या, जनावर मागे फिरलं. त्या दिवशी मनकर्णाबाईने त्याला भाऊ केला. भोंगाभाऊ. राखीपौर्णिमेला तिने खांबाला राखी बांधली. नथ्थू म्हणाला, "सख्खा भाऊ नाई तुले, तं लोखंडाचा धरला." सगळं गाव हसलं आणि मीही हसलो. पण खरं सांगू का, त्या राखीला गाठ मारताना तिचा चेहरा पाहिला असता तर कुणी हसलं नसतं.

तिचं घर गावात शेवटचं, भोंग्याला सगळ्यात जवळचं. त्यामुळे गावात एक रीत पडून गेली. पहाटे बोडीवर, शेतावर, सरपणाला जाणारा प्रत्येक जण तिच्या अंगणाशी थांबून विचारायचा, "भोंगा वाजला का वो बाई?" ती आतून सांगायची, "नाई वाजला. जा." मग माणूस निर्धास्त पुढे जायचा. वाघाच्या भीतीने पावलं मोजत चालणारं गाव ते, पण एवढ्या शब्दांवर चालायला लागलं. तिलाही त्याचा मान वाटायचा. भावाचा निरोप बहिणीने सांगायचा, असं तिचं चाललेलं होतं.

मग दसरा आला.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, नांगर, जाळं, आता मोटरसायकलसुद्धा. माझ्या दुकानातल्या पान्यांवर शेजारी झेंडूचं फूल ठेवून जातो, मीही नको म्हणत नाही. वर्षभर राबणाऱ्या वस्तूला एक दिवस नमस्कार केल्याने कुणाचा धर्म बुडत नाही. आता ज्या गावात विळ्याला टिळा लागतो, त्या गावात वाघ हाकलणाऱ्या भोंगाभावाला लागणार नाही असं कसं होईल? मनकर्णाबाईने कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायची शिडी आणून खांबाला लावली. नथ्थूने खालून शिडी धरली. कोरडं कुंकू वाऱ्याने उडेल म्हणून ती तेलात कालवलेला शेंदूर घेऊन चढली. टिळा लावायचा तो कपाळावर, पण पेटीला कपाळ कुठलं? असलेली एक जागा म्हणजे ती काच. तिने अंगठ्याने काचेवर चांगला जाड टिळा ओढला आणि वरून माळ घातली. खाली बायांनी हात जोडले, कुणी नारळ फोडला. कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. आणि पूजेचा टिळा पुसायचा नसतो, तो आपोआप जाऊ द्यायचा असतो, हे सगळ्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे नथ्थू जाळं खांद्यावर टाकून निघाला. अंगणातूनच थट्टेने म्हणाला, "काय म्हनते तुहा भोंगाभाऊ?"

ती चुलीपाशी होती. "काई नाई म्हनत. जा."

जनावर पाळीखालच्या बेशरमातच बसलेलं होतं, अगदी काचेसमोर. भोंगा वाजला नाही. नथ्थूचा धाकटा भाऊ वारलू मागून येत होता. त्याने आरडाओरडा केला, दगड मारले, तेव्हा जनावर नथ्थूला टाकून गेलं. पण तोवर उशीर झाला होता. आता त्या जागी येणारा-जाणारा एक दगड किंवा एक डहाळी टाकतो, वाघाने माणूस मारलेल्या जागी टाकतात तशी. ढीग बराच झालाय. मनकर्णाबाईने मात्र त्यावर एकही दगड टाकला नाही.

मला बोलावणं आलं ते काच पुसायला. शिडीवर चढलो, रॉकेलचा बोळा फिरवला. शेंदूर चिकट असतो, सहज निघत नाही. खाली उतरलो तेव्हा मनकर्णाबाई शिडीपाशी उभी होती, आणि लाल झालेला बोळा माझ्या हातात होता. लपवायला हवा होता, पण सुचलं नाही. तिने बोळ्याकडे पाहिलं, मग वर काचेकडे पाहिलं. रडली नाही. म्हणाली, "डोरा मिटला असला तरी मानूस कानानं ओरखते ना, भाऊ? मंग थो काऊन नाई ओरडला?"

मी म्हटलं, "त्याला कान नाहीत, बाई."

"इतके दिवस त्याच्यासंगं बोलून राह्यली मी. अन् कान नोहोते?"

मी बोळा खिशात कोंबला आणि निघालो. दुसरं काय करणार होतो? घरी बायकोने, नूरीने विचारलं, शर्टाला लाल काय लागलं. मी तिच्यावर उगाच ओरडलो.

नंतर कंपनीचा इंजिनिअर आला, स्वप्निल नावाचा. चांगला होता पोरगा, अंगणात चपला काढून आला आणि जमिनीवर बसला. मनकर्णाबाईने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "त्याले वाघ ओरखू येते?"

"येतो, मावशी."

"डुक्कर कोनतं अन् वाघ कोनता, हे समजते?"

"समजतं. म्हणजे, ओळखतो तो."

"मंग साधनाचा बाप त्याच्या समोरून गेला, त्याले काईच समजलं नसन?"

स्वप्निलने ग्लास खाली ठेवला. "मावशी, ते यंत्र आहे. त्याला आम्ही वाघाची पुष्कळ चित्रं दाखवलीत. तसं चित्र समोर आलं की ते जुळवतं. बाकी त्याला काही कळत नाही. मला वाघ दिसला तर मी घाबरेन. ते घाबरत नाही."

"घाबरत नाई, तं ओरडते कायच्यासाठी?"

"आम्ही ओरडायला लावलंय म्हणून."

खोटं काही बोलला नाही पोरगा. मीही तेच सांगितलं असतं. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा वाटलं, कुणीतरी थोडं खोटं बोलायला हवं होतं.

कारण हिशेब तिच्या बाजूने कसा होता बघा. वाघावर तिचा राग नव्हता. वनखात्याच्या लोकांनी पिंजरा लावला तेव्हा तीच म्हणाली, त्याले भूक होती, त्याले काय ठाऊक कोन कोनाचा मालक. वाघ सुटला. बेशरमाची झुडपं तर बोलतच नाहीत, तीही सुटली. आता यंत्रालाही काही कळत नाही म्हटल्यावर तेही सुटलं. त्या पहाटे पाळीवर जेवढे होते तेवढे सगळे निर्दोष, कारण कुणालाच काही कळत नव्हतं. सगळी समज एकटीच्या वाट्याला आली. मासा, मोह, लोखंड, सगळ्यांना जाण आहे म्हणणारी ही बाई. आयुष्यभर तिने ती सगळ्यांना वाटली, आणि तिला गरज पडली तेव्हा थोडीसुद्धा कुणी आपल्याकडे घेईना. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, यंत्राला जीव असता तर बरं झालं असतं. निदान तिच्याबरोबर कुणी तरी गुन्हेगार असतं.

त्यानंतर तिने खांबाखाली बसायला सुरुवात केली. साधना येऊन तिला कोरपन्याला घेऊन गेली, तर ती तिथून एकटीच बस धरून परत आली. जावई म्हणाला, डॉक्टरला दाखवू. तीही तयारी चालली होती. पण रोज संध्याकाळी खांबाखाली बसणारं माणूस डॉक्टरच्या तारखेपर्यंत टिकतं की नाही, हाच प्रश्न होता. जनावर अजून त्याच रानात होतं आणि पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

साधनाच्या फोननंतर मी दुकान लवकर बंद केलं आणि गावात पोहोचलो. ऊन उतरलं होतं. मनकर्णाबाई खांबाला पाठ टेकून बसली होती, तोंड बेशरमाच्या झुडपांकडे. अंगाने अर्धी झाली होती. मी शेजारी बसलो.

"बाई, घरी चाला."

"तुमी जा भाऊ. तुमाले लेकरंबारं हायेत."

"तुम्हाला नाही? साधना रडते फोनवर."

ती झुडपांकडेच बघत राहिली. मी म्हटलं, "कशाची वाट पाहता तुम्ही?"

"पाह्यचं हाये मले. आता त्याचा डोरा साफ हाये ना?"

"साफ आहे. मीच पुसलाय."

"मंग मी इथी बसून हाये अन् जनावर आलं, तं थो ओरडते का नाई, हे पाह्यचं हाये."

मला वाटलं, तिला भावाची परीक्षा घ्यायची आहे. मी म्हटलं, "ओरडेल ना. का नाही ओरडणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाई ओरडला पाह्यजे, भाऊ."

मला काही उमगेना. तीच सांगायला लागली, हळूहळू, जणू मला मोटरीतला दोष समजावून सांगत होती. "डोरा साफ असून बी थो नाई ओरडला, तं समजीन, थो बेइमान हाये. त्या दिवशी त्यानं पाह्यलं अन् गप बसला. रुसला असन माह्यावर कायच्या तरी पायी. मंग शेंदराचा काई दोष नाई. मीनं काई केलं नाई."

"आणि तो ओरडला नाही म्हणजे जनावर तुम्हाला नेणार, बाई."

"नेऊ दे. मोकरी होऊन जाईन."

आयुष्यात मी पुष्कळ रडणारी माणसं पाहिली आहेत, पण अशी निराशा पाहिली नव्हती. मग मी माझा धंदा बाजूला ठेवला आणि खोटं बोललो. म्हटलं, "ऐका, तुम्हाला सांगायचं नव्हतं. त्या दिवशी बॅटरीच बसली होती. दसऱ्याच्या आधीपासूनच भोंगा बंद होता. शेंदूर लावला काय, न लावला काय."

तिने जराही वेळ न घेता म्हटलं, "दसऱ्याच्या आदल्या सांजेला वाजला होता. अख्ख्या गावानं आयकला."

माझं खोटं तिथेच मेलं. बोडीवर बगळे उतरत होते. मला उठून पळावंसं वाटत होतं आणि तिला टाकून जाताही येत नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या ऐनाच्या झाडावरून वांदर खाकरलं, वाघ दिसल्यावर खाकरतं तसं. मग दुसरं. मनकर्णाबाई ताठ झाली. तिने डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. ओठ हलत होते, आणि मी ऐकलं, ती वर बघून म्हणत होती, "नोको ओरडू. नोको ओरडू, बापा."

बेशरम हललं. पिवळी पाठ दिसली, एवढी जवळ की अंगावरचे पट्टे वेगवेगळे दिसले.

आणि भोंगा बोंबलला.

डोक्यावरच होता तो. मी कानांवर हात दाबले. जनावर जागच्या जागी वळलं आणि रानात शिरलं. कापणीची माणसं काठ्या घेऊन, ओरडत पाळीकडे धावली. भोंगा वाजतच होता. मी तिला हलवलं आणि अल्ला मला माफ करो, आनंदाने म्हणालो, "बघा बाई, ओरडला. तुमच्यासाठी ओरडला."

ती वर पेटीकडे बघत होती. भोंगा थांबल्यावर म्हणाली, "हो. ओरडते थो."

मग जरा वेळाने, "दिसलं तं ओरडते. त्या दिवशी दिसलं असतं, तं त्या दिवशी बी ओरडला असता."

मी काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं. पण आता उशीर झाला होता.

"मीनंच त्याचा डोरा लिपला," ती म्हणाली, "अन् मीनंच साधनाच्या बापाले म्हटलं, जा."

कुणी हात धरायच्या आत ती आपण होऊन उठली, लुगड्याची माती झटकली आणि सरळ घरी गेली. गावाला हायसं वाटलं. माणसं माझ्या पाठीवर थाप मारत होती, गफ्फारभावाने काम केलं म्हणून. साधनाचा फोन आला, ती रडत रडत मला दुवा देत होती. मी म्हटलं, हो बेटा, उठली ती, आता नाही बसणार तिथे. ते खरंच होतं. आता कशासाठी बसणार होती? ज्याची वाट पाहत होती ते होऊन गेलं होतं, आणि नको तसं होऊन गेलं होतं.

रात्रीचा मी वारलूकडेच थांबलो. सकाळी निघण्याआधी आलोच आहे तर काच पुसावी म्हणून शिडी लावून वर चढलो. धुकं होतं. वारलू जाळं खांद्यावर घेऊन आला. नथ्थू गेल्यापासून तो पहिल्यांदाच बोडीवर निघाला होता, पोट कुणाला थांबू देतं? इतक्या दिवसांची सवय, तो मनकर्णाबाईच्या अंगणाशी थांबला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "भोंगा वाजला का वो वहिनी?"

ती दारातच बसली होती.

"मले कायले विचारता, भाऊजी?" ती म्हणाली. "मले काई समजत नाई."

मी वरून ओरडून सांगितलं, काच साफ आहे, रात्रभर भोंगा वाजला नाही, जा तू. वारलूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्या दाराकडे बघत उभा राहिला, खांद्यावर जाळं घेऊन, आणि त्याला पाळीकडेही जाता येईना आणि घराकडेही वळता येईना.